तक्रार कोणाच्या दारी न्यायची?



आपल्याकडे पूर्वी इर्जिक घालीत असत; काही गावांत अजूनही घालतात. एखाद्याचे रान मोठे, बैलांची जोडी एकच आणि पाऊस तोंडावर आलेला. अशा वेळी शेजारपाजारचे लोक आपापली औते घेऊन यायचे आणि एका दिवसात सारे रान उलटून द्यायचे. मजुरी कोणी मागत नसे. संध्याकाळी घरधन्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे आणि उद्या दुसऱ्याची वेळ आली की आपण आपले औत घेऊन जायचे. आता समजा, अशा इर्जिकीत एकाने दुसऱ्याला सर्वांदेखत शिवी हासडली, किंवा पाण्याची कळशी घेऊन आलेल्या पोरीला काही वेडेवाकडे बोलला. काय करायचे? तो काही चाकर नाही, त्याला कामावरून कमी कसे करणार? घरधनी बोलायला कचरतो, कारण त्याच्याच बैलांवर निम्मे रान व्हायचे आहे. आणि ज्याला ते बोलणे लागले, तो काय करतो? बहुधा काहीच बोलत नाही. पुढच्या इर्जिकीला येत नाही, एवढेच.

ही अडचण आज मी तुमच्यापुढे मांडणार आहे, पण ती शेतातली नव्हे. ती संगणकाच्या जगातल्या एका फार मोठ्या इर्जिकीतली आहे. त्या इर्जिकीला मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात.

संगणकाला काय करायचे ते सांगणारा मजकूर, म्हणजे कोड, बहुतेक कंपन्या कुलपात ठेवतात. काही मंडळींनी उलटे ठरवले. कोड सर्वांना वाचायला मोकळा, सुधारायला मोकळा, वाटायला मोकळा. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या चळवळीला आरंभ केला. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने लिनक्स नावाचे काम सुरू केले. 'ओपन सोर्स' हे नाव पुढे १९९८ मध्ये रूढ झाले. हे सारे लांबचे वाटते खरे, पण तुमच्या खिशातला मोबाइल अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्सच आहे. जगातले सर्वांत बलाढ्य असे पाचशे संगणक दरवर्षी मोजतात. २०१७ पासून ते सारेच्या सारे लिनक्सवर चालतात. फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस तुम्ही मराठीतून वापरले असेल, तर ते मराठी शब्द बसवणारेही याच रीतीने हौसेने काम करणारे लोक.

यातले सगळेच फुकट राबतात असे मात्र समजू नका. लिनक्सवर काम करणाऱ्या पुष्कळांना आज कोणती ना कोणती कंपनी पगार देते. पण कंपन्या निरनिराळ्या, देश निरनिराळे, आणि एकाचा दुसऱ्यावर हुकूम चालत नाही. मुख्य मुद्दा तोच.

काम कसे चालते, तेही थोडे पाहू. कोणी एक जण दुरुस्ती लिहितो आणि त्या भागाची देखरेख करणाऱ्याकडे पाठवतो. याला मेंटेनर म्हणतात. आपण कारभारी म्हणू. कारभारी ती तपासतो, चुका काढतो, परत पाठवतो, आणि पटली तर घेतो. हे सारे उघड्यावर, जगाच्या डोळ्यांसमोर चालते. आता चुका काढणे हे कारभाऱ्याचे कामच आहे, त्याला आगळीक म्हणता येणार नाही. "तुझ्या नांगराचा फाळ वाकडा बसलाय, तास सरळ पडत नाही" हे बोलणे कामाचे. "तुझ्या बापाने तरी कधी नांगर धरला होता का?" हे बोलणे माणसाचे. पहिले बोलणे ऐकून घ्यायला शिकले पाहिजे. दुसऱ्याची तक्रार करता आली पाहिजे.

आणि आगळीक काही शिव्यांपुरती नसते. जात, धर्म, रंग, देश, बाईपण, पुरुषपण, अपंगत्व यांवरून हिणवणे, नको म्हटल्यावरही खासगी निरोप धाडत राहणे, एखाद्याच्या घरचा पत्ता वा फोन नंबर चव्हाट्यावर मांडणे, धमकी देणे, संमेलनात अंगचटीला जाणे. या सगळ्या गोष्टी त्या जगात घडल्या आहेत. माणसे जेथे जमतात तेथे त्या घडतातच.

लिनक्सच्या मंडळींत बरीच वर्षे एक समजूत होती. बोलणे जितके खरमरीत तितके काम चोख, असे ते मानीत. खुद्द टोरवाल्ड्स यांची पत्रे त्यासाठी प्रसिद्ध होती. चूक करणाऱ्याला ते सर्वांसमोर असे काही झोडपीत की वाचणाऱ्या तिऱ्हाइताचे कान तापावेत. काही लोकांना त्यात मौज वाटे. जुलै २०१३ मध्ये मात्र इंटेल कंपनीत काम करणारी एक व्यक्ती उभी राहिली आणि जाहीरपणे म्हणाली की ही भाषा मला मान्य नाही, शिवीगाळ न करताही चूक दाखवता येते. ही व्यक्ती कोणी नवशिकी नव्हती. यूएसबीच्या तिसऱ्या पिढीचा लिनक्समधला भाग तिने लिहिला होता, आणि त्यामुळेच ती सोय सर्वांत आधी लिनक्समध्ये आली. चर्चा झाली, वाद झाला, आणि फारसे काही बदलले नाही. मार्च २०१५ मध्ये लिनक्सने एक छोटेसे टिपण स्वीकारले. नाव दिले 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे भांडणाची संहिता! थट्टेचा सूर नावातच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या व्यक्तीने लिनक्सचे काम सोडले. इर्जिकीला पुन्हा न येणारा माणूस म्हणतात तो असा. फरक एवढाच की ही व्यक्ती कारण सांगून गेली. किती जण न सांगता गेले, त्याची मोजदाद कोणापाशी असणार?

पुढे १६ सप्टेंबर २०१८ रोजी टोरवाल्ड्स यांनी स्वतःच एक पत्र लिहिले. माझ्या वागण्याने माणसे दुखावली, काही कदाचित कायमची निघून गेली, त्यांची मी क्षमा मागतो. दुसऱ्याच्या भावना समजून घेण्यासाठी मला मदत घ्यावी लागेल आणि तोवर मी बाजूला होतो, असा त्याचा आशय होता. ते सुमारे महिनाभर बाजूला झाले. ती आवृत्ती त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुरी केली आणि ऑक्टोबरात टोरवाल्ड्स परतले. त्याच सुमारास भांडणाची संहिता जाऊन खरी आचारसंहिता आली. आचारसंहिता म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते. येथे अर्थ अगदी सरळ, वागण्याचे नियम. हा मसुदा लिनक्सचा स्वतःचा नव्हता. कोरलाइन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये 'काँट्रिब्यूटर कॉव्हेनंट' नावाचा एक नमुना लिहून ठेवला होता आणि हजारो प्रकल्पांनी तो घेतला होता. लिनक्सने त्यावरूनच आपला बेतला. तेव्हा पुष्कळांनी गदारोळ केला की आता लिनक्स बुडाले, गुणी माणसे निघून जातील. तसे काही झाले नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती तेव्हाही निघत होती, आजही निघते.

पण नियम लिहिला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी पुढची हकिगत ऐकावी. ती पायथन नावाच्या संगणक-भाषेच्या मंडळींची आहे.

मार्च २०१३. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा येथे पायथनचे संमेलन भरले होते. आचारसंहिता होती, आयोजकांनी ती जाहीरही केलेली होती. भरल्या सभागृहात एका बाईच्या मागे बसलेले दोन पुरुष आपसात काही द्व्यर्थी विनोद करीत होते. बाईने मागे वळून त्यांचे छायाचित्र काढले, ट्विटरवर टाकले आणि तेथेच आयोजकांना हाक दिली. आयोजक आले. त्यांनी दोन्ही बाजूंना वेगवेगळे भेटून ऐकून घेतले. विनोद अशिष्ट होता हे त्या पुरुषांनी मान्य केले, क्षमा मागितली आणि आयोजकांच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. अर्ध्या तासाचे काम! पण छायाचित्र एव्हाना जगभर गेले होते. दोघांपैकी एकाच्या मालकाने त्याला नोकरीवरून काढले. ते कळताच हजारो अनोळखी लोक त्या बाईवर तुटून पडले. शिव्या, बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या, काही विचारू नका. तिच्या कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कंपनीने तिलाही काढून टाकले. चार-सहा दिवसांत दोन माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

त्या बाईवर दोष ठेवायला मी हे सांगत नाही. भरल्या सभेत, व्याख्यान चालू असताना, एकट्या बाईने उठून दोघांशी तोंड द्यावे असे म्हणणे सोपे आहे. माणूस हाती असेल ते साधन उचलतो. आणि धमक्या देणाऱ्यांचे पाप धमक्या देणाऱ्यांचेच. पण यातून एक गोष्ट उमगते. तक्रारीला दोन दारे असतात; एक पंचांच्या खोलीचे आणि एक चावडीचे. चावडीवर गेलेल्या तक्रारीचा निवाडा कोणाच्याच हाती राहत नाही. म्हणून खोलीचे दार कोठे आहे, आत कोण बसले आहे, आणि ते आपले ऐकतील याची खात्री, ही माणसाला आधीपासून हवी. नंतर शोधाशोध करायला वेळ नसतो.

आता या खोलीत काय चालते, ते जरा निवांत पाहू. येथे शिक्षकमंडळींनी विशेष लक्ष द्यावे. शाळेच्या कामातही हे उपयोगी पडेल.

तक्रार कशी लिहावी? "अमका फार उर्मट आहे, त्याला काढून टाका" ही तक्रार नव्हे, हा संताप आहे. संताप खरा असतो, पण पंचांना त्याचा उपयोग करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : तीन तारखेला, अमुक दुरुस्तीवरच्या चर्चेत, त्यांनी मला उद्देशून हे हे शब्द लिहिले, शब्द अजून तेथे दिसतात, तरी त्यांचे चित्र सोबत जोडले आहे, यापूर्वी एकदा असेच घडले होते, तमक्या दोघांनी ते पाहिले, प्रकार अजून चालू आहे, आणि पुढच्या महिन्यात संमेलनात ते भेटणार याची मला भीती वाटते. एवढे पुरते. कायद्याची भाषा नको, पाल्हाळ नको. पुरावा मात्र त्याच दिवशी जपून ठेवावा, कारण पडद्यावरचा मजकूर पुसायला क्षण लागत नाही. आणि तक्रार ज्याला लागले त्यानेच केली पाहिजे असेही नाही. पाहणाऱ्यालाही ती करता येते. पुष्कळदा तोच अधिक शांतपणे लिहू शकतो.

तक्रार घेणाऱ्यांचे काम याहून कठीण. पहिली गोष्ट, पोच देणे. "तुमचे पत्र मिळाले, आम्ही पाहतो आहोत" या एका ओळीला फार किंमत आहे. आठवडाभर उत्तर आले नाही तर लिहिणारा समजतो की दडपले, आणि मग तो चावडीवर जातो. त्याला तरी दोष कसा द्यावा? दुसरी गोष्ट, पंचांपैकी ज्याचा आरोपिताशी घरोबा असेल, एकाच कंपनीतली नोकरी असेल, किंवा जुने वैर असेल, त्याने आपण होऊन उठून जावे. मग दुसऱ्या बाजूचे म्हणणे घ्यावे. येथे एक बारीक पेच आहे. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवू, असे म्हणणे सोपे. पण गोष्ट दोघांतच घडली असेल तर विचारणा होताच दुसऱ्याला कळणारच की कोणी सांगितले. म्हणून जाणते पंच आधी तक्रारदाराला विचारतात : आम्ही त्यांच्याशी बोललो तर तुमचे नाव उघड होईल, चालेल का? तो नको म्हणाला तर नोंद ठेवतात आणि थांबतात. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर थांबत नाहीत. नोंद ठेवण्याचा फायदा असा की त्याच माणसाविषयी वर्षभराने दुसरी तक्रार आली म्हणजे पहिली एकटी राहत नाही.

क्षमा मागायला लावणे हा उपाय आपल्याला फार आवडतो. "जा, तिची माफी माग, आणि मिटवा." थांबा! जिला त्या माणसाचे तोंड पाहायचे नाही तिच्या दारात त्यालाच पाठवणे, ही दुसरी आगळीक झाली. आधी तिला विचारावे. आणि अपमान चारचौघांत झाला असेल तर कानात पुटपुटलेली क्षमा अपुरी. शब्द जेथे बोलले गेले, तेथेच ते मागे घेतले पाहिजेत.

शिक्षेच्या पायऱ्या असतात. काँट्रिब्यूटर कॉव्हेनंटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या स्पष्ट लिहिल्या आहेत. प्रथम खासगीत समज, मग ताकीद, मग ठरावीक मुदतीची बंदी, आणि शेवटी कायमची. अर्थात पहिल्याच प्रसंगी कोणी धमकी दिली तर पायरीपायरीने जाण्याचे कारण नाही. आणि हे पंच म्हणजे कोर्ट नव्हे. त्यांच्या हातात एवढेच असते की आमच्या अंगणात तुला येता येणार नाही. मारहाण, पाठलाग, धमकी, विनयभंग हा गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस आहेत. आपल्या देशात नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती, आणि तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिने. या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारीचाही समावेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कोणी विचारील, तक्रार खोटी असली तर? किंवा दुरुस्ती नाकारली म्हणून रागाने केलेली असली तर? तशाही येतात. काम नाकारणे ही आगळीक नव्हे, असे म्हणून पंच ती निकालात काढतात. दुसऱ्या बाजूचे ऐकून घ्यायचे, ते याचसाठी. खोट्याच्या भीतीने दारच बंद ठेवले तर खरा तक्रारदार तेवढा बाहेर राहतो.

एवढे सगळे मांडून झाले तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो फार जुना आहे. तक्रार खुद्द पाटलावरच असेल तर?

रस्ट नावाची एक संगणक-भाषा आहे. तिच्या मंडळींना आपल्या सभ्यतेचा अभिमान होता. आचारसंहिता अगदी आरंभापासून, आणि ती राबवायला पंचांची वेगळी तुकडी. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या तुकडीने सगळ्यांनी मिळून राजीनामे दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जे मध्यवर्ती मंडळ सर्वांच्या वर बसले आहे, ते स्वतःखेरीज कोणालाच जबाबदार नाही, तेव्हा जो नियम आम्ही इतर सर्वांना लावतो तो तेथे लावता येत नाही, आणि असे असताना या खुर्च्यांवर बसून राहणे आम्हाला योग्य वाटत नाही. तपशील त्यांनी चव्हाट्यावर मांडले नाहीत. ज्यांच्या तक्रारी त्यांच्याकडे होत्या त्यांची नावे त्यांनी राखली. मला विचाराल तर ही गोष्ट राजीनाम्याइतकीच मोलाची आहे.

पुढे काय झाले? जुने मंडळ गेले, पण ते एका रात्रीत नाही. दीड वर्ष खल चालला. जून २०२३ मध्ये नवी परिषद बसली, आणि तीत कामाच्या प्रत्येक मोठ्या तुकडीचा एकेक प्रतिनिधी आला. शिवाय पंचांचा निर्णय कोणाला शंकास्पद वाटला तर तो तपासून पाहायला आणखी काही राखीव माणसे नेमण्याची तरतूद झाली. म्हणजे पाटलावर पंच, आणि पंचांवरही नजर. किचकट वाटते खरे. पण दोन पंचांपैकी एक नेहमीच गावच्या पुढाऱ्याचा भाचा असतो, हे आपणही पाहिलेलेच आहे.

लिनक्समध्येही आचारसंहितेची समिती आहे. आलेल्या तक्रारींची संख्या आणि स्वरूप ती नावे न घेता वेळोवेळी जाहीर करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने एका अनुभवी, गुणी कारभाऱ्याच्या बाबतीत निर्णय दिला. त्याने सहकाऱ्याला सर्वांसमोर अपशब्द वापरले होते. समितीचे म्हणणे, क्षमाही सर्वांसमोर मागावी. ती आली नाही. तेव्हा एका आवृत्तीच्या काळात त्याचे काम स्वीकारायचे नाही, असे ठरले. बंदी एका आवृत्तीची, कायमची नव्हे. काहींना ही शिक्षा फार वाटली, काहींना थोडी. मला त्यातली एक गोष्ट चांगली वाटते की नियम बैलजोडी मोठी असलेल्यालाही लागला.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मानापमानाचे झाले. आमच्या मोबाइलला त्याने काय फरक पडतो? तर ही हकिगत ऐका.

एक्सझेड नावाचे एक लहानसे उपकरण आहे. फाइली दाबून लहान करायचे. लिनक्स चालवणाऱ्या असंख्य संगणकांत ते असते. फिनलंडमधले लासे कॉलिन हे गृहस्थ ते अनेक वर्षे फावल्या वेळात, बिनपैशाने सांभाळीत होते. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी त्यांच्यामागे टुमणे लावले : काम फार हळू चालते, तुम्हाला जमत नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. आपली मानसिक प्रकृती बऱ्याच दिवसांपासून ठीक नाही आणि हे काम हौसेचे आहे, असे त्यांनी सांगितलेसुद्धा. तरी टोचणी थांबली नाही. त्याच वेळी जिया टान या नावाचा एक अत्यंत नम्र मदतनीस पुढे आला आणि हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या गेल्या. २०२४ च्या आरंभी त्याने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला. तो सर्वत्र पसरला असता तर जगातल्या लाखो संगणकांत परक्याला शिरता आले असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. तो त्यामागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सर्वांना सावध केले. अर्ध्या सेकंदावर निभावले! टुमणे लावणारी ती नावे बनावट असावीत, हा सगळा एकाच कटाचा भाग असावा, असे जाणकारांचे मत आहे. त्या टोचणीच्या वेळी कोणी चार माणसे उभी राहून "हा सूर येथे चालणार नाही" असे म्हणाली असती, तर कट फसलाच असता असे मी म्हणत नाही. पण एकटा, थकलेला कारभारी आणि त्याला टोचणारे लोक, हे दृश्य पाहून पुढे कोणीतरी यायला हवे होते, एवढे खरे.

शेवटी आपल्या मुलांविषयी थोडे. आपल्याकडची महाविद्यालयातली आणि आता शाळेतलीही मुले या इर्जिकीत उतरू लागली आहेत, आणि ते चांगलेच आहे. पण त्यांच्याकडूनही आगळीक होते. ऑक्टोबर २०२० मध्ये एक मोहीम होती. ठरावीक संख्येने दुरुस्त्या पाठवल्या की एक सदरा बक्षीस. सदऱ्याच्या लोभाने जगभरच्या हजारो मुलांनी, आणि त्यांत आपल्याकडचीही पुष्कळ होती, नुसता एखादा शब्द बदलून निरर्थक दुरुस्त्यांचा पाऊस पाडला. कारभारी बेजार झाले. आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला : जे प्रकल्प आपण होऊन भाग घेतील, तेथल्याच दुरुस्त्या धरायच्या. ही मुले दुष्ट नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की पलीकडे एक माणूस बसला आहे आणि त्याला यातली एकेक गोष्ट उघडून पाहावी लागते. येथे बंदीपेक्षा समज देणेच योग्य.

तेव्हा गुरुजी, बाई, तुमचा एखादा विद्यार्थी असे काम करायला निघाला तर त्याला एक सवय लावा. दुरुस्ती पाठवण्याआधी त्या प्रकल्पाची आचारसंहितेची फाइल उघडून वाचायची. नियम वाचायचेच, पण तळाशी जाऊन पाहायचे की तक्रार कोणाकडे करायची ते लिहिले आहे का. नाव एकच आहे की दोन-तीन? जो कारभारी, तोच पंच आहे का? ती जागा कोरी असेल, किंवा नमुन्यातली रिकामी चौकट कोणी भरलीच नसेल, तर असे प्रकल्पही आहेत. अशा ठिकाणी पहिली दुरुस्ती तीच पाठवावी, की ही चौकट कृपया भरा. आणि पोर कधी पडद्यासमोरून तोंड उतरवून उठले, तर त्याला लगेच उलट उत्तर लिहू देऊ नका. जे लिहिलेले आहे त्याचे चित्र काढून ठेवायला सांगा, त्यावर तारीख घाला, आणि मग दोघे मिळून शांतपणे ते पत्र लिहायला बसा.